बारा बोर, बारा भानगडी

राजापूर तालुक्यात बंदूक बाळगणारे पुष्कळ आहेत, पण बंदूक निवडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. इथे बंदूक वाटपात येते. थोरल्याला घर, मधल्याला कलमांची बाग, आणि धाकटा वाटपाच्या दिवशी मुंबईहून येऊ शकला नाही म्हणून त्याला बंदूक. पुढे गिरणी बंद पडते, धाकटा गावी येतो आणि उरलेले आयुष्य आजोबांच्या पसंतीचे बार काढत राहतो. आजोबांची तरी पसंती होती म्हणावी, तर तसेही नाही. ते घाट चढून दुकानात गेले, दुकानदाराने विचारले, "काडतुसं कुठून घेणार?" आजोबा म्हणाले, "तुमच्याकडूनच." दुकानदाराने मागे वळून कपाटात पाहिले आणि कपाटात ज्या मापाची काडतुसे होती त्या मापाची बंदूक काढून दिली. आमच्या तालुक्यातल्या तीन पिढ्यांचा बोर असा एका कपाटाने ठरवलेला आहे.

आमच्या वाडीतल्या काकांकडे एकनळी १२ बोर आहे. काकांचे नाव सांगत नाही. परवान्यावर एक आहे, सातबाऱ्यावर दुसरे आणि आधारकार्डावर तिसरे. त्यात चौथ्याची भर नको. बंदूक शेतीसंरक्षणाची आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली आणि तेव्हापासून शिकार हा विषय आमच्याकडे फक्त आठवणींच्या रूपात चालतो. शिकारीसाठी कुठली बंदूक घ्यावी, हा प्रश्न राजापुरात कायद्याने उपस्थितच होत नाही. शेतीसंरक्षणासाठी कुठली, एवढाच होतो. तशा दोन्ही बंदुका एकाच कारखान्यातून येतात, दिसतात सारख्याच आणि खांद्याला दणकाही सारखाच देतात. शिकारीची बंदूक घेतलेला माणूस पूर्वी जनावराच्या मागे जायचा, शेतीसंरक्षणाची घेतलेला कचेरीच्या मागे जातो, एवढाच फरक.

काकांचा पुतण्या टेक्ससला असतो. संगणकावर काहीतरी करतो. तिकडे गेल्यावर पहिली काही वर्षे तो बर्फ नाही म्हणून हळहळला, मग ऑफिसातल्या गोऱ्यांबरोबर डुकरे मारायला जाऊ लागला. टेक्ससला डुकरांचा सुळसुळाट आमच्यापेक्षा मोठा आहे. पण तिथल्या सरकारने तो प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. २०११ साली कायदा करून हेलिकॉप्टरमधून डुकरे मारायला मोकळीक दिली, आणि २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर डुकरासाठी शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. पुतण्याने हे व्हिडिओ कॉलवर सांगितले तेव्हा काका पडवीत सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "हेलिकॉप्टर कोणाच्या नावावर?" त्यांनी विचारले. पुतण्याला प्रश्न कळला नाही. ज्या माणसाने सामाईक बागेत पंप बसवायला सहा हिस्सेदारांच्या सह्या गोळा केल्या आहेत, त्याला पहिल्यांदा हाच प्रश्न पडणार.

त्यानंतर पुतण्याने कॅलिबरवर व्याख्यान दिले. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे १९०६ साली अमेरिकन सैन्याने स्वीकारलेले काडतूस, दणकट पण खांदा मोडणारे. थ्री-नॉट-एट १९५२ चे, आटोपशीर. सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर २००७ चे, वाऱ्यात कमी भरकटते, लांबवर नेम सुटत नाही. गोळी सेकंदाला किती फूट जाते, किती अंतरावर किती खाली येते, सगळे त्याला तोंडपाठ होते. हाच मुलगा पाढे म्हणताना सतराशी अडायचा. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तां सगळां बरां हाय. ह्यातलां रत्नांग्रीत काय मिळतां?"

पलीकडे शांतता. मग पुतण्या म्हणाला, "काका, तसं बघून कोणी कॅलिबर निवडत नाही."

पुढे २०२० साली करोना आला, अमेरिकेत लोकांनी आधी टॉयलेट पेपर संपवला आणि मग काडतुसे. दुकानांतल्या फळ्या महिनोन्महिने रिकाम्या. पुतण्याची क्रीडमूर कपाटात बसून राहिली. वाऱ्यात न भरकटणारी गोळी दुकानातच नव्हती, त्यामुळे ती भरकटण्याचा प्रश्नच मिटला. त्या दिवसांत तिथले जाणते शिकारी एकमेकांना सांगू लागले की सगळ्यात उत्तम कॅलिबर म्हणजे गावच्या वाण्याकडे मिळते ते. काकांनी ही बातमी ऐकून आमच्याकडे फक्त पाहिले. टेक्ससला सत्य कळायला महामारी यावी लागली. आमच्याकडे ते आजोबांच्या काळापासून पडवीत खुंटीला टांगलेले आहे.

आता १२ बोर म्हणजे काय, हे एकदा सांगून टाकतो, कारण तालुक्यात यावर मतभेद आहेत. नळीत बरोबर बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्या मिळून एक पौंड भरला तर ती १२ बोर. सोळा भरल्या तर १६ बोर, वीस भरल्या तर २० बोर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटर. हा हिशेब ज्याने काढला तो माणूस इंग्रज असणार, दुसऱ्या कोणाला पौंडाचे इतके प्रेम असणार नाही. बरे, एवढ्यावर थांबावे, तर काडतुसातल्या छऱ्यांचे आकडेही उलटेच. सहा नंबरचा छरा बारीक, चार नंबरचा त्याहून जाड, एक नंबरचा आणखी जाड. एकाच्या वर जायचे झाले तर आकडे संपतात आणि अक्षरे सुरू होतात : बीबी, मग एसजी, आणि सगळ्यात जाड एलजी. वाडीतले एक शिक्षक निवृत्तीनंतर बंदुकीच्या परवान्याची खटपट करीत होते, त्यांना ही उतरंड समजावून सांगितल्यावर त्यांनी खटपट सोडली. म्हणाले, "चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू. आता या वयात मला हे झेपायचं नाही."

डुकरासाठी एलजी किंवा एसजी, हे सर्वमान्य आहे. पण सर्वमान्य काडतूस दुकानात असायला पाहिजे ना! काका काडतुसे आणायला गेले की दुकानदार विचारतो, काय पाहिजे? काका म्हणतात, एलजी. दुकानदार म्हणतो, एलजी संपली, चार नंबर आहे. चार नंबरने डुकराला फक्त आपण आल्याची वर्दी देता येते. पण काका ती घेतात. परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेले असते, तो कोटा वाया घालवायचा नाही हा शेतकऱ्याचा स्वभाव. रेशनवर साखर आली नाही तर आपण गहू सोडून येतो काय? त्यामुळे काकांच्या तांदळाच्या डब्यात एलजी एक, चार नंबरची मूठभर आणि एक काडतूस असे आहे की त्यावरची अक्षरे पुसली गेली आहेत. त्यात काय आहे हे कोणालाच माहीत नाही. काका ते डुकरासाठी राखून ठेवतात, म्हणजे दोघांनाही उत्सुकता राहते.

तांदळाचा डबा का, हे घाटावरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे जूनपासून पुढे चार महिने हवेतूनच पाणी पिता येते. पापड वाकतात, आगपेटी रुसते, कपाटातल्या लग्नाच्या कोटावर बुरशी येते. जुनी कागदी काडतुसे तर पावसाळ्यात अशी फुगायची की नळीत जायलाच तयार नसत आणि गेलीच तर निघायला तयार नसत. मग चाप ओढला की नुसता 'टक्'. ऐन नाचणीच्या दिवसांत शेतात डुकरांचा कळप आणि हातात फुसका बार! डुकरे अशा वेळी पळतसुद्धा नाहीत, मान वर करून बघतात. आता काडतुसे प्लास्टिकची आली तरी तांदूळ सुटलेला नाही. काकी मात्र तांदूळ रोवळीत धुताना दर वेळी तळापर्यंत हात घालून बघते.

हे काडतूस येते कुठून? आपल्याच पुण्यातून. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथे देशाच्या सैन्यासाठी गोळ्या होतात आणि त्यातून उसंत मिळाली की शेतकऱ्यांसाठी १२ बोरची काडतुसे. त्यांचे नाव 'शक्तिमान'. दूरदर्शनवरचा शक्तिमान गोल गोल फिरत वेळेवर यायचा. हा येतो, पण फिरतफिरत येतो. २०२१ साली सरकारने आयुध कारखान्यांच्या कंपन्या केल्या, खडकी ज्या कंपनीत गेली तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. काकांना यात काही विशेष वाटले नाही. कंपनी झाली म्हणून घाट काही सपाट होत नाही.

मधूनमधून वाडीत कोणीतरी रायफलचा विषय काढतो. विषय काढणारा बहुधा मुंबईहून गणपतीला आलेला असतो. छरे काय उडवताय, रायफल घ्या, एका गोळीत डुकर आडवे! अशा माणसाला आधी चहा द्यावा आणि मग पुढचा इतिहास.

हिंदुस्थानात सर्वसामान्य माणसाला मिळू शकणारी ठोक रायफल म्हणजे ३१५ बोरची. ती बंगालात इच्छापूरच्या कारखान्यात तयार होते. हे ३१५ काय माप आहे म्हणाल, तर त्यामागे डुकर नाही, साहेबाची भीती आहे. साहेबाच्या फौजेची रायफल थ्री-नॉट-थ्री. तेच काडतूस रयतेला मिळू लागले तर रयत ते कोणावर चालवील याची साहेबाला चांगली कल्पना होती. म्हणून रयतेच्या रायफलींसाठी फौजेच्या बंदुकीत जाणारच नाही असे माप पुढे आले. त्याआधीही हेच झाले होते. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी हिंदुस्थानात ४५० मापाच्या काडतुसांवर बंदी आणली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना तीच गोळी चालेल अशी धास्ती होती. त्यासरशी लंडनच्या बंदूकवाल्यांनी ४६५, ४७०, ४७५ अशी नवनवी मापे काढली. आफ्रिकेत हत्तींमागे जाणारे बडे शिकारी पुढे या मापांच्या गुणांवर पुस्तके लिहीत बसले. हत्तीचा त्या मापांशी काही संबंध नव्हता. एका कचेरीत एका कारकुनाने एक परिपत्रक काढले होते, बस्स. आमच्या तालुक्यात हे ऐकून कोणालाही आश्चर्य वाटत नाही.

आता रायफल इथे का चालत नाही ते सांगतो. कायदा आपल्या बाजूने बोलत नाही, हे एक. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी पहिली पसंती ठासणीच्या बंदुकीला आहे. तिने भागणार नसेल तर गुळगुळीत नळीची, आणि ती नळी वीस इंचांहून कमी नको. रायफलच्या नळीला आतून आटे असतात, म्हणजे तिचा अर्ज वेगळ्या टेबलावर जातो, आणि ते टेबल कुठल्या मजल्यावर आहे हे सांगणारा माणूस रजेवर असतो.

पण खरी अडचण भूगोलाची. टेक्ससला पुतण्या डुकर बघतो तेव्हा ते सपाट माळावर तीनशे यार्डांवर उभे असते आणि त्याच्या मागे क्षितिज असते. आमच्याकडे क्षितिज नाही. आमच्याकडे गडगा आहे. गडग्याच्या अलीकडे आपली कलमे, पलीकडे चुलत्याची काजू, खाली परसात कोणाची तरी म्हैस, आणि एवढ्या गर्दीत वीस हातांवर जाळीत काहीतरी हलते. ते डुकर असेल, म्हैस असेल, किंवा चोरून काजू वेचायला आलेला चुलता असेल. बारा बोरचे छरे चाळीस-पन्नास पावलांनंतर दमू लागतात. फारच चुकले तर म्हशीची माफी मागता येते. रायफलची गोळी दमत नाही. ती डुकर ओलांडते, गडगा ओलांडते, हद्द ओलांडते आणि शेजारच्या वाडीत कोणाच्या तरी कौलांवर जाऊन सामाईक भिंतीचा जुना दावा नव्याने उभा करते. डुकराच्या नुकसानीचा पंचनामा होऊन तरी जातो. हद्दीचा दावा राजापुरात नातवाला वारसाहक्काने मिळतो.

आफ्रिकेतल्या हत्तीशिकाऱ्यांपैकी स्कॉटलंडचा डब्ल्यू. डी. एम. बेल मला जवळचा वाटतो. बाकीचे तोफेएवढ्या रायफली घेऊन फिरत असताना हा २७५ मापाच्या, म्हणजे सात मिलिमीटरच्या, किरकोळ रायफलीने हत्ती मारायचा. नेम अचूक होता हे तर झालेच. पण त्याने साडेसहा मिलिमीटरची आणखी हलकी रायफल वापरून सोडून दिली, ती काडतुसे भरवशाची मिळेनात म्हणून. बेलसाहेब आमच्या पडवीत आले असते तर काकांचे आणि त्यांचे तासभर जमले असते, भाषेची अडचण न येता. तसा हत्ती आमच्या तालुक्यालाही नवा नाही. कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी जनावरे कोरली आहेत. बारसूला माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ. हजारो वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांनी मागे ठेवलेले हे काम २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेले. त्या मंडळींचा दारूगोळा काय असेल तो असो, सड्यावर त्याची टंचाई कधी पडली नसणार. दगड आजही हवा तेवढा आहे आणि त्याला परवाना लागत नाही.

काडतुसे राजापुरात सहज मिळत नाहीत, असे मी म्हणतो खरा, पण इतिहासाचे जाणकार लगेच बोट वर करतील. एके काळी राजापूर हे दारूगोळ्याच्या खात्रीशीर पुरवठ्यासाठी प्रसिद्ध होते. इथे खाडीकाठी इंग्रजांची वखार होती. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते, तेव्हा वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन स्वतः गोळे घेऊन घाट चढून गेला. तो नुसता माल देऊन परतला नाही. त्याने गडावर गोळे डागून दाखवले आणि वर इंग्रजांचे निशाणही फडकावले. माल घरपोच, प्रात्यक्षिक मोफत, जाहिरात त्यातच. विक्रीनंतरची इतकी तत्पर सेवा आमच्या बाजारपेठेत पुन्हा कोणी दिली नाही. गिऱ्हाईक चुकले होते, हे पुढच्या वर्षी कळले. १६६१ त महाराज राजापुरावर आले, वखार खणून काढली आणि इंग्रजांना धरून नेले. सुटायला १६६३ उजाडले. मग त्या नुकसानीच्या भरपाईसाठी इंग्रजांनी अर्ज, स्मरणपत्रे आणि वकील यांची जी रांग लावली ती राज्याभिषेकापर्यंत, १६७४ पर्यंत, चालू होती. आमच्या लोकांनी नुकसानभरपाईचा पाठपुरावा कसा करावा हे इंग्रजांकडून घेतले, की इंग्रजांनी राजापूरच्या हवेतून, यावर मतभेद होऊ शकतो.

त्या मानाने काकांचा दारूगोळा राजकारणापासून अलिप्त म्हटला पाहिजे. राजकारण त्याच्यापासून अलिप्त नाही. निवडणूक लागली की ज्यांना नोटीस येते त्यांनी बंदूक ठाण्यात जमा करायची. कारण रास्त आहे, हेतू चांगला आहे, फक्त डुकरांना आचारसंहिता लागत नाही. २०२४ चे वर्ष बघा. लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला, म्हणजे काजूला बोंडू आणि कलमांना आंबा धरलेला असताना. आमचे मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. आंबा-काजूचा अख्खा हंगाम बंदूक ठाण्यात आणि माकडे बागेत. मग पावसाळा गेला, भात पसवले, १२ ऑक्टोबरला दसरा आला. काकांनी बंदूक तेल लावून पुसली, पाटावर ठेवली, नळीत झेंडू खोचला, आपट्याचे पान वाहिले. तीन दिवसांनी, १५ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता. बंदूक झेंडूसकट ठाण्यात. भात कापणीला आलेले! डुकरांनी त्या वर्षी लोकशाहीचा जो उत्सव केला तसा कुठल्या पक्षाने केला नसेल.

ठाण्यात जमा केलेल्या बंदुकीची पावती मिळते. काका ती पावती घडी घालून खिशात ठेवतात आणि राखणीला जाताना बरोबर नेतात. मी एकदा विचारले, "काका, पावती कशाला?" म्हणाले, "आसू दे. हत्याराबदली हत्यार."

परवानगीचे निराळे प्रकरण आहे. डुकर उभे पीक खाते म्हणून त्याला मारता येते असे नाही. वनखात्याकडे अर्ज करायचा, त्यांनी परवानगी द्यायची, आणि मग डुकराने अर्जात लिहिलेल्या जागी यायचे. २०२३ च्या एप्रिलपासून सुधारित कायदा लागू झाला, त्यात रानडुकराला अनुसूची दोनमध्ये जागा मिळाली. अनुसूची तीनमध्ये होते तोवर त्याची चाल जरा बिचकती होती, आता अंगात ऐट आली आहे, असे वाडीचे मत. परवानगी मिळून डुकर मेलेच तर ते सरकारचे. जिवंत असताना रताळी आमची खाणार, मेल्यावर मालकी सरकारची. मधल्या काळात त्याचे आमच्याशी फक्त जेवणापुरते संबंध.

एवढे सगळे बघता काकांची बंदूक प्रत्यक्षात करते काय? आवाज. लाल तोंडाची माकडे आणि काळ्या तोंडाचे वानर यांना मारायचे नाही, हाकलायचे. डुकराचा अर्ज वाटेत. उरला आभाळाकडे तोंड करून काढलेला बार. मग कॅलिबरची सगळी चर्चा एका प्रश्नावर येते, की कुठल्या बोरचा आवाज किती वाड्यांपर्यंत जातो. या कसोटीवर १२ बोर अजून हरलेली नाही. पऱ्ह्याच्या दोन्ही अंगांना डोंगर असले की एका बाराचे तीन बार ऐकू येतात, म्हणजे काडतुसाचा खर्च तीनांत विभागला जातो. पण माकड हे जनावर आपल्यापेक्षा नीट आठवण ठेवते. काका खांद्यावर बंदूक घेऊन निघाले की माकडे फणसावरून उतरतात. काका नुसतीच काठी घेऊन निघाले की उतरत नाहीत. आणि ठाण्याची पावती खिशात असेल त्या दिवशी तर अंगणात येऊन बसतात. काहींनी पीव्हीसीच्या नळीत कार्बाइड घालून बार काढायची नवी युक्ती आणली आहे. स्वस्त आहे, आवाज मोठा आहे, कागदपत्र नाही, फक्त ती कधी पुढून फुटेल आणि कधी मागून याचा भरवसा नाही. डोळे गमावलेल्यांच्या बातम्या वाचल्यापासून काका तिच्याकडे बघतही नाहीत.

वरच्या वाडीत एका घरी १६ बोर आहे. सुंदर, नक्षीकाम केलेली, विलायती. त्या घरच्या पणजोबांनी ती खास पसंत करून घेतली म्हणतात, त्यामुळे तालुक्यातली ती एकमेव निवडलेली बंदूक असण्याची शक्यता आहे. तिची काडतुसे आता जवळपास कुठे मिळत नाहीत. १२ बोरचे तिच्यात जात नाही आणि २० बोरचे नीट बसत नाही. विकावी तर घेणारा विचारतो, काडतूस आहे का? सरकारजमा करावी तर पणजोबा भिंतीवरच्या तसबिरीतून बघतात. नव्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीला आला की हयातीतच वारसाच्या नावे परवाना करता येतो. त्यांनी तो केला. म्हणजे आता पाचव्या पिढीकडे एक वैध, नूतनीकरण झालेली, निवडणुकीला नियमाने जमा होणारी, गोळी न मिळणारी बंदूक आहे. गावात तिला फार मान आहे.

यंदा मे महिन्यात टेक्ससचा पुतण्या येणार होता. त्याने फोन करून विचारले, "काका, तुमच्यासाठी काय आणू? बंदुकीचं तर काही आणता येणार नाही." काका म्हणाले, "रात्री राखणीला एक बरी बॅटरी आण." त्याने आणली. मनगटाएवढी, काळीकुळकुळीत, पाण्यात पडली तरी चालणारी, शिकारी लोक वापरतात ती. पहिल्या रात्री तिचा झोत पऱ्ह्यापलीकडच्या डोंगरावर पडला आणि तिथल्या वाडीतले लोक उठून बाहेर आले. डुकरे तर आठवडाभर फिरकली नाहीत. काका इतके खूश झाले की त्यांनी पुतण्याला क्रीडमूरविषयी पुन्हा एकदा सगळे सांगायला लावले.

पुतण्या परत गेल्यावर थोड्याच दिवसांत झोत पिवळा पडला. काकांनी मागचे झाकण फिरवले आणि आतला सेल तळहातावर पाडला. आखूड, जाड, निळसर, अंगावर बारीक अक्षरांत आकडे. राजापूरच्या बाजारात त्यांनी तो प्रत्येक दुकानात दाखवला. एका दुकानदाराने तो उलटासुलटा करून बघितला, मागच्या कपाटाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "ह्या मापाचा नाय मिळायचा, काका. पेन्सिल सेल हायत, देव?"

काकांनी चार पेन्सिल सेल घेतले.